ती शाल माझी नव्हती

आमच्या दुकानात काउंटरमागच्या भिंतीवर एक फोटो आहे. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ, शेजारी एका बियाणे कंपनीचे अधिकारी. दोघांचेही मास्क फोटोपुरते हनुवटीवर ओढलेले. त्या हंगामात आमच्या दुकानातून गेलेल्या सोयाबीन बियाण्याची एकही तक्रार कृषी कार्यालयापर्यंत गेली नव्हती, म्हणून तो सत्कार होता. २०२० च्या खरिपात ही साधी गोष्ट नव्हती. आदल्या वर्षी ऐन काढणीत पाऊस लागून राहिला, उभं सोयाबीन भिजलं आणि त्याच मालातून पुढच्या वर्षीचं बियाणं तयार झालं. जूनमध्ये पेरलं ते कित्येक शिवारांत मातीबाहेर आलंच नाही. मराठवाड्यातून हजारो तक्रारी झाल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली.

आमचे शेतकरी त्यातून वाचले ते माझ्यामुळे नाही. आमच्याकडे चौदा वर्षं कामाला असलेले एक गृहस्थ होते. दुकानातले आणि गावातले सगळे त्यांना मामा म्हणत. काम गोदामाचं: माल उतरवून घ्यायचा, थप्पी लावायची, शेतकऱ्याच्या गाडीत पोतं ठेवून द्यायचं. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं, पोतं उंचावरून आदळलं तरी आतला अंकुर दुखावतो. मामा हमालांना पोतं फेकू द्यायचे नाहीत, त्यावरून रोज वाद व्हायचे. शिवाय आलेल्या प्रत्येक लॉटमधले शंभर दाणे मोजून, ओल्या गोणपाटात गुंडाळून ते घरी ठेवायचे. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी ते गोणपाटाची गुंडाळी काखेत घेऊनच आले. म्हणाले, "मालक, ह्यो लॉट नीट न्हाई. शंभरात बावनच उगवायलेत."

सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण लागते. पण त्या लॉटचे पैसे आगाऊ भरलेले होते आणि मी वैतागलो. दोन दिवस मामांशी धड बोललो नाही. मग पुन्हा दाणे ठेवायला लावले, त्यात पन्नास उगवले. लॉट परत पाठवला. पुढे जे झालं त्याचा सत्कार मी घेतला. त्या दिवशी मामा बाहेर खताची गाडी उतरवून घेत होते. त्यांना आत बोलवायचं मी विसरलो, असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या शालीशी त्यांचा काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

हे न सुचणं एकट्या माझं असतं तर लिहायला बसलो नसतो. उदगीर-लातूरच्या आडती, डाळमिल, जालन्याची बियाण्याची दुकानं, नांदेडच्या कापडपेढ्या, वाळूज-चिकलठाण्यात मोठ्या कारखान्यांना सुटे भाग करून देणारी दहा-पंधरा माणसांची वर्कशॉपं, औषधांची दुकानं, शिकवण्या. मराठवाड्यात नोकरी म्हणजे कितीतरी जणांसाठी अशी एखादी जागा. तिथे मनुष्यबळ विभाग नसतो. पगार देणारा, रागावणारा, सुट्टी नाकारणारा एकच माणूस असतो. चांगलं काम पाहणाराही तोच. त्याने पाहिलं नाही तर ते पाहायला दुसरं कुणी नसतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की छोट्या धंद्यात कामाची दखल घेणं हा मालकाच्या स्वभावाचा किंवा मोठेपणाचा प्रश्न नाही. ते पगारासारखंच देणं आहे, आणि आपण व्यापाऱ्यांनी ते पिढ्यान् पिढ्या थकवलेलं आहे.

माझे वडील म्हणायचे, गड्याला तोंडावर चांगलं म्हणू नये, डोक्यावर बसतो. ते वाईट मालक नव्हते. गड्याच्या घरी आजारपण आलं तर रात्री जीप काढून लातूरला नेणारे होते. पण चांगलं म्हणायचे नाहीत. ही शिकवण कुठून आली याचा मी बराच विचार केला आणि मला ती सालगड्याच्या व्यवहारात सापडली. गुढीपाडव्याला साल ठरायचं: इतके रुपये, इतकी पोती ज्वारी, कपडे, जोडा. माघात गड्याच्या नांगरटीचं कौतुक केलं तर पाडव्याला तो जास्तीची ज्वारी मागणार. म्हणजे कौतुक हा घासाघिशीत दुसऱ्याच्या हातात दिलेला मुद्दा होता, म्हणून तोंड मिटून ठेवायचं. आमच्यासारखे तालुक्याच्या गावातले बहुतेक व्यापारी शेतातून एका पिढीपूर्वीच पेठेत आले. जमीन मागे राहिली, ही सवय सोबत आली. आज पगार महिन्याचा आहे, पाडव्याची घासाघीस उरली नाही, तरी तोंड अजून मिटलेलंच आहे.

त्याच शेतीने दुसरंही काही शिकवलं होतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. दिवसभर जू ओढलेल्या बैलाचे खांदे तुपा-हळदीने मळायचे आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. लहानपणी मी हे कितीदा केलंय. आज मला त्यातला हात कुठे पडतो हे महत्त्वाचं वाटतं. पाठीवर नाही, कपाळावर नाही. जू जिथे घासतं नेमका तिथे. ज्याला ओझं कुठे पडलं हे ठाऊक आहे त्यालाच खांदा मळता येतो. दिवाळीला सगळ्यांना सारखा मिठाईचा डबा देऊन "तुम्ही सगळे आमचं कुटुंबच" म्हणणं म्हणजे पाठीवरून हात फिरवणं झालं. मामांना म्हणायला हवं होतं ते वेगळं: तुम्ही ते शंभर दाणे मोजले म्हणून अमुक इतक्या शेतकऱ्यांची दुबार पेरणी टळली. हे वाक्य त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लागू पडलं नसतं.

जुन्या पद्धतीचे गोडवे मी गात नाही. पोळ्याला गड्याला नवे कपडे मिळत आणि त्याच गड्याच्या अंगावर मालकाची उचल असे. ती फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे साल धरता येत नसे. एका हाताने कपडे आणि दुसऱ्या हाताने बेडी. असलं कौतुक आजही दिसतं. पोरगा गुणाचा आहे म्हणून लग्नाला पन्नास हजार उचल द्यायची आणि मग तीन वर्षं पगारवाढीचा विषय काढू द्यायचा नाही. त्याला दखल म्हणू नये.

आणि नाव. चाळिशीच्या माणसाला आपण दुकानात "ए गण्या" म्हणतो. समोरच्या गिऱ्हाइकाला राव, पाटील, काका. आपल्या माणसाला नावाचा तुकडा आणि त्याला "या" जोडलेला. कुणाला राव लागतो आणि कुणाला "या" लागतो, यात आपल्याकडे फक्त हुद्दा नसतो, जात असते. हे सगळ्यांना माहीत आहे. ज्याला रोज वीस माणसांसमोर अशी हाक मारली जाते त्याला वर्षातून एकदा हार घालून काय होणार? आमच्या काउंटरवर तीन वर्षं एक मुलगा होता, त्याला सगळे छोटू म्हणायचे. एका संध्याकाळी तो पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसला आणि चाकणला गेला. बारा तासांची शिफ्ट, एका खोलीत पाच जण, भाडं आणि मेस वजा जाता हातात उरतं ते आमच्याकडच्यापेक्षा फार जास्त नाही. दिवाळीला गावी आला तेव्हा सुट्टीवर असूनही गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. त्यावर त्याचा फोटो, खाली त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. तो ठेकेदाराचा कामगार आहे, ते कार्ड कधीही परत घेतलं जाईल हे त्यालाही ठाऊक आहे. आमच्याकडे तीन वर्षांत त्याला हे एक नावसुद्धा मिळालं नव्हतं. गावातली पोरं टिकत नाहीत असं आम्ही व्यापारी असोसिएशनच्या बैठकीत दर वर्षी बोलतो. पाणी नाही, उद्योग नाहीत, शासन लक्ष देत नाही. ते सगळं खरं आहे. पण ज्या पोराला आपण छोटू म्हणून बोलावलं त्याच्या जाण्यात आपलाही वाटा आहे.

यावर माझे व्यापारी मित्र एकच उत्तर देतात: माणसाला पैसा लागतो, शाबासकीने चूल पेटत नाही. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली मांडलेलं आठवतं. पगार कमी असला की माणूस नाराज होतो. पण पगार पुरेसा झाला म्हणून तो कामात जीव ओततोच असं नाही, त्यासाठी काम आणि कामाची दखल लागते. त्यातला पहिला भाग आपण वगळू नये. वेळेवर आणि पुरेसा पगार न देता टाळ्या वाजवणं ही फसवणूक आहे. १९६५ च्या बोनस कायद्याने किमान ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, बोनस ठरवला. पण दुकानांसाठी त्यात वीस माणसांची अट होती. आमच्या दुकानात नऊ माणसं. कायदा माझ्या दारापर्यंत येत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं बोनसच्या नावाखाली मनाला येईल तो आकडा पाकिटात घालत आलो. तीन वर्षांपासून बारावा हिस्सा हिशोब करून देतो. त्याला मी कौतुक म्हणत नाही. ते झाल्यावर कौतुकाची गोष्ट सुरू होते.

पण पैशाचं उत्तर अपुरं कसं पडतं ते मला मामांनीच दाखवलं. २०२२ च्या पाडव्याला ते आमचं दुकान सोडून पेठेतल्याच दुसऱ्या दुकानात गेले. मी सगळ्यांना सांगत सुटलो, पाचशे रुपयांसाठी गेले. चौदा वर्षं काढली आणि पाचशेसाठी गेले. काही महिन्यांनी एका गिऱ्हाइकाकडून कळलं की तिथे मामांना काउंटरवर खुर्ची आहे. शेतकरी आला की तिथला मालक म्हणतो, बियाण्याचं मामांना विचारा, त्यातलं मला तेवढं कळत नाही. हे ऐकल्यावर मला झोप लागली नाही. २०१६ चा दुष्काळ आठवला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात आमचा धंदा बसला होता आणि मामांनी दोन महिन्यांचा पगार मागे ठेवला होता. मी तो पुढे चुकता केला, पण तेव्हाही एक शब्द बोललो नव्हतो. ती खुर्ची मला चौदा वर्षांत कधीही देता आली असती. तिला पैसे लागत नव्हते.

आता काही जण उत्साहाने मोठ्या कंपन्यांची नक्कल करतात: महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी, भिंतीवर फोटो, प्रमाणपत्र. नऊ माणसांच्या दुकानात हे चालत नाही असं माझं मत आहे. चार महिन्यांत वाटून घेण्याची पाळी येते, किंवा एकालाच मिळत राहतं आणि बाकीचे त्याच्याशी बोलेनासे होतात. अमेरिकेत एका लाँड्री कंपनीच्या पाचपैकी एका कारखान्यात वेळेवर हजर राहणाऱ्यांसाठी बक्षीस सुरू केलं, त्याचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जे आधीपासून वेळेवर येत होते, त्यांचंच मन उतरलं आणि कारखान्याचं काम १.४ टक्क्यांनी घटलं. मला यात नवल वाटत नाही. जो माणूस दहा वर्षं वेळेवर येतो त्याचं येणं कुणी पाहिलं नव्हतं. बक्षीस निघालं ते उशिरा येणाऱ्याला सुधारण्यासाठी.

शिवाय मालक कशाला शाबास म्हणतो, त्यावर धंदा कुठल्या दिशेला जाणार हे ठरतं. आमच्या व्यवसायात हे फार जपून बघायला हवं. काउंटरवरच्या मुलाने मोठं बिल केलं की आम्ही खूश. शेतकरी पानावर दोन अळ्या घेऊन आला की तीन बाटल्या द्यायच्या. आमच्या एका कर्मचाऱ्याने मागच्या वर्षी एका शेतकऱ्याला सांगितलं की इतक्या अळ्यांना फवारणी परवडत नाही, आठ दिवस थांबा, पुन्हा मोजा. बिल झालं नाही. शेजारी उभा असलेला दुसरा मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी त्या क्षणी काय बोलतो यावर पुढची पाच वर्षं ठरणार होती, असं मला आजही वाटतं. मी शेतकऱ्यासमोरच त्या कर्मचाऱ्याला म्हणालो, बरोबर सांगितलंत. २०१७ मध्ये शेजारच्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. दुकानात कोणत्या गोष्टीला शाबासकी मिळते याचा शेवट शेतातल्या माणसाच्या अंगावर होतो.

आम्ही जे बदललं ते थोडं आहे. दुकानात एक फळा लावलाय. त्यावर प्रत्येक लॉटची उगवण लिहिलेली असते आणि पुढे तपासणाऱ्याचं पूर्ण नाव. शेतकरी फळा वाचतात, मग त्या नावाच्या माणसाला विचारायला जातात. उधारीच्या वहीसारखी एक वेगळी वही केली आहे. कोणाकडे किती बाकी हे आमच्याकडे तीस वर्षांचं लिहिलेलं आहे, पण कुणी काय चांगलं केलं याची एक ओळ नव्हती. शनिवारी दुकान बंद करताना मी त्यात दोन-तीन ओळी लिहितो आणि ज्याच्याबद्दल लिहिल्या त्याला वाचून दाखवतो. काही शनिवारी लिहिण्यासारखं काही सापडत नाही. तेव्हा मला कळतं की आठवडाभर मी गल्ल्यावरच बसून होतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे ला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, खरिपाचा मेळावा असतो. पूर्वी मी जायचो. आता दोन कर्मचारी जातात, भरपगारी. परत आल्यावर ते बाकीच्यांना आणि मला समजावून सांगतात.

एका बाबतीत मी अजून कमी पडतो आहे. दुकान झाडणाऱ्या, पोती शिवणाऱ्या, सांडलेलं धान्य निवडणाऱ्या दोन बायका आहेत. दिवाळीला पुरुषांना रोख आणि बायकांना साडी, ही आमची रीत होती. साडीची किंमत कुणी विचारायची नाही. आता त्यांनाही रोख बारावा हिस्सा मिळतो. पण वहीत त्यांच्या नावाच्या ओळी मोजल्या तर वर्षभरात चारच निघाल्या. त्यांचं काम मला दिसत नाही, कारण ते झालेलं असतं तेव्हा सगळं नीट असतं आणि नीट असलेल्या गोष्टीकडे माझं लक्ष जात नाही. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

मागच्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, मी मामांच्या घरी जाऊन आवतण दिलं. आमच्या भागात त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते, ज्याला शेत आहे तो ज्याला नाही त्याला घेऊन जातो. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी-आंबील-उंड्याची पंगत बसते. मामा आले. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांसमोर २०२० ची हकिकत सांगितली, पैसे भरल्याचा राग आणि सत्काराच्या दिवशीची गाडी, दोन्हीसकट. मामा काही बोलले नाहीत. नंतर आमच्या नव्या मुलाला बाजूला घेऊन विचारत होते, "पाचव्या दिवशी मोजून मोकळा होतूस का? आठव्या दिवसापातूर थांबत जा, मागून येणारे बी असतेत."

फोटो मी अजून काढलेला नाही. खाली एक ओळ लिहून लावली आहे, त्यात मामांचं पूर्ण नाव आणि त्या लॉटची तारीख आहे. यंदा एका कंपनीने जास्त विक्रीबद्दल विक्रेत्यांची परदेश सहल काढली, निमंत्रण दुकानाच्या मालकाच्या नावाने आलं. मी कळवलं की सहलीऐवजी ती रक्कम द्या, नऊ जणांत वाटायची आहे. आणि सत्काराच्या कार्यक्रमाला माझ्यासोबत काउंटरवरच्या दोघांची नावं घाला. उत्तर आलं, योजनेत तशी तरतूद नाही. आमच्या असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय ठेवला आहे, आणि कंपनीला दुसरं पत्र लिहिलं आहे. त्याखाली आतापर्यंत माझ्यासह चार दुकानदारांच्या सह्या आहेत.